दहा सेकंदांचा मान

मित्रांनो, छाती तपासण्याच्या खोलीत कपाटाच्या आड, अंगावर जुनी चादर ओढून बसलेलं यंत्र म्हणजे मी. फुफ्फुसाच्या नाजूक अस्तरातून वायू रक्तात किती झपाट्यानं शिरतो, हे मी मोजतो. सोपं वाटतं ना? करून बघा!

माणसानं नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी धरायची, माझ्या पिशवीतला वायू छातीभर ओढायचा, दहा सेकंद थांबायचं आणि सोडायचा. आत गेलेल्यापैकी किती परत आला नाही, त्यावरून मी आकडा देतो. मला चालवणाऱ्या ताई शेजारी बसून हळूच म्हणायच्या, "थांबा... काही करू नका... हं, सोडा आता." डॉक्टर म्हणायचे, "याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" मी कसा फुगून जायचो!

आणि मग तो आला. माझंच काम करणारं नवं यंत्र, चकचकीत, स्वतः बोलणारं. ताईंनी त्याला मऊ फडक्यानं पुसलं. अहो, ते माझं फडकं होतं! माझ्या जिवाचा नुसता जळफळाट झाला. मी त्याचं नाव ठेवलं नवरदेव. तो स्वतःच सूचना देतो म्हणून ताई पलीकडे दुसरी कामं उरकू लागल्या.

एकदा बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे काका आले. नुकतेच न्यूमोनियातून उठलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आकडा कमी आला तर वाजवणं बंद." काका ट्रंपेट मांडीवर धरूनच बसले होते.

"श्वास रोखा!" नवरदेव खेकसला. काकांनी गाल फुगवले आणि मान लाल होईपर्यंत जोर लावला, ट्रंपेटला लावतात तसा. आकडा घसरला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"संपलं सगळं," काका ट्रंपेटकडे बघत म्हणाले.

अरे देवा! असा जोर लावला की छातीतलं रक्त मागे सरतं, मग वायू शिरणार कुठे? पण मला कुठे बोलता येतं? एवढ्यात ताई आल्या. काकांचे सुजल्यासारखे गाल बघून त्यांनी सरळ माझी चादर ओढली.

"काका, जरा दम खा. आता फुंकायचं नाही हं. पाण्यावर पडून राहिल्यासारखं नुसतं थांबायचं."

काका थांबले. आकडा आला, अगदी धडधाकट माणसाचा! जिरली नवरदेवाची, मी मनात म्हटलं.

पण ताई म्हणाल्या, "खात्री करून घेऊ." थोड्या वेळानं त्यांनी नवरदेवाचा आवाज बंद केला, शेजारी बसल्या आणि तेच शब्द तसेच हळू म्हणाल्या. त्यानंही माझाच आकडा दिला! मी बघतच राहिलो. म्हणजे इतकी वर्षं जो मान मी मिरवला, तो ताईंच्या आवाजाचा होता?

निघताना काकांनी दारात एक छोटासा सूर वाजवला. ताईंसाठी. आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हापासून मी नवरदेवावर कमी आणि ताईंवर जास्त जळतो.

मित्रांनो, नवी यंत्रं खुशाल आणा, लाडानं पुसा. पण श्वास रोखून बसलेल्याच्या शेजारी एक माणूस बसू द्या. आणि हो, पुसून झालं की ते फडकं माझ्यावरही एकदा फिरवा. माझंच आहे ते.