जातो म्हणू नये

पाद्रीसाहेबांचा जुना दवाखाना आता तिकीट काढून बघायची जागा होणार होता. फलक, दिवे, चहाचं दुकान, सगळा जामानिमा. मागच्या खोलीत शिंपीणबाई राहायची, तिला तेवढी खोली सोडायची होती. तिची आई दवाखान्यातली नर्स. साहेब वारले, दवाखाना बंद पडला, तरी मायलेकी तिथेच राहिल्या. आता आई जाऊनही महिना होत आला होता. लोक भेटायला आले तेव्हा शिंपीण त्यांनाच पाणी देत बसली. रडू येत नव्हतं. डोळ्यांनी संप पुकारला होता म्हणा ना.

पर्यटन खात्याच्या बाई साखरेत घोळून बोलायच्या. "मावशी, ही 'नर्सची खोली' म्हणूनच ठेवणार आहोत. तुमच्या आईचीच आठवण की. इथे नर्सचा पुतळा उभा करू, त्याचा झगा तेवढा तुम्ही शिवून द्या."

म्हणजे खोलीही आपलीच जायची आणि वर शिवणही आपल्याच गळ्यात. "देते," ती म्हणाली.

झगा तिने आईच्या अंगाचा शिवला. पुतळा निघाला वाळकी काडी.

"थोडा आत घ्या ना," बाई म्हणाल्या.

"आई अंगाने भरलेली होती."

"पुतळे एवढेच मिळतात हो."

तिने तोंडात टाचण्या धरल्या आणि आईला दोन्ही बाजूंनी आत घेतलं. काही वाटलं नाही, आणि ते न वाटणंच तिला जरा विचित्र वाटलं.

मग बाईंनी दाराजवळचं बटण दाबलं. साहेबांच्या नावाने कुणा नटाचा खणखणीत आवाज आला, "बरंय मंडळी, येतो मी."

"साहेब 'जातो' म्हणायचे," शिंपीण म्हणाली.

"माहितीये. पण कानाला बरं वाटत नाही, म्हणून सुधारून घेतलं."

साहेब परदेशी असूनही त्यांना मराठी छान यायची, फक्त हे एक जन्मात जमलं नाही. आई दर वेळी टोकायची, "जातो म्हणू नये साहेब, येतो म्हणावं." साहेब म्हणायचे, "पण मी जातोच आहे. खोटं कसं बोलू?" पुढे घरात ती थट्टाच होऊन बसली. शिंपीण बाजाराला निघताना मुद्दाम "जाते" म्हणायची. अंथरुणाला खिळलेली आईसुद्धा आतून ओरडायची, "येते म्हण, कारटे!"

मशीन हातगाडीवर चढलं. शिंपीण उंबऱ्यात वळली. खाटेशेजारी तो बारीक पुतळा उभा होता.

"जाते," ती म्हणाली, आणि सवयीने थांबली.

बाई फलक पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो, जा मावशी. सावकाश जा."

शिंपीण उंबऱ्यावरच खाली बसली. आई गेली, हे तिला आत्ता कळलं.