टपालाच्या फटीतली दोरी

माझ्या नातीचा, रूथचा, बाप्तिस्मा झाला आणि पाद्रीबाबांच्या ओल्या हातांतून ती जवळजवळ निसटलीच, ते वर्ष १९९३. ईस्टरचा रविवार होता. बाळाला पटकन झेललं ते विनी हॅगर्टीने. झेलल्यावर ती इतकी खोकली की चॅपलमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. "बाळ घ्या आधी, मग मला मरू द्या," असं ती म्हणाली आणि सगळे हसले. पुढे महिनाभरात ती गेलीच.

विनी माझ्या समोरच्या घरात राहायची. हेब्रिज गावातला टॅनर स्ट्रीट म्हणजे भिंतीला भिंत लागून तीस घरं. माझं अकरा नंबर, तिचं बारा. सदतीस वर्षं आम्ही एकमेकींचे पडदे उघडलेले बघून दिवसाला सुरुवात केली.

आमच्या तरुणपणी या रस्त्यावर कुणी किल्ली खिशात घेऊन फिरत नसे. दारात टपाल टाकायची फट असते, तिच्या आतल्या बाजूला खिळा ठोकायचा, खिळ्याला दोरी आणि दोरीला किल्ली. घरचं माणूस फटीतून हात घालायचं, दोरी वर ओढायचं आणि कुलूप उघडून आत यायचं. मग चोऱ्या वाढल्या आणि एकेकाने दोरी काढली. १९९३ साली अख्ख्या रस्त्यावर एकच दोरी उरली होती, ती विनीची.

त्या वसंतात आमचं गाव भ्यायलं होतं. पोलिसांचं एक पत्रक दर महिन्याला दारातून पडायचं. मला वाचायला येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. नवरा होता तोवर कागद तो वाचायचा. तो गेल्यावर मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊन शिकले. त्यामुळे पत्रक मी ओळीखाली बोट ठेवून, सबंध वाचायची. मार्चमध्ये अकरा घरफोड्या. एप्रिलमध्ये सतरा. त्यातल्या दोन भरदुपारी, घरचे लोक दफनाला गेलेले असताना. चोर वर्तमानपत्रातल्या मरणाच्या बातम्या वाचतात, घर कुठलं आणि वेळ काय ते बघून ठेवतात, असं खाली लिहिलं होतं. वाचता येत नव्हतं तेव्हा मला फक्त आमच्या रस्त्यापुरती भीती होती. आता सबंध गावाची माझ्या घरात येऊन बसली.

चॅपलच्या हॉलमध्ये सभा झाली. प्रिचर्ड नावाचा तरणा पोलीस बोलायला आला होता. साखळी लावा, कडी लावा, दार उघडू नका, ओळखीचा आवाज आला तरी आधी खात्री करा, असं सांगत होता. मग त्याने विनीकडे बघितलं.

"हॅगर्टीबाई, तुमच्या दारातली ती दोरी काढा बघू. ती म्हणजे चोराला धाडलेलं आमंत्रण आहे."

"माझ्याकडून चोर काय नेणार रे बाळा? माझे दात? ते पेल्यात असतात, घेऊन जा म्हणावं."

सगळे हसले. प्रिचर्डचे कान लाल झाले. "चेष्टा नाही, बाई. सतरा घरं फुटलीत."

"तुझी आई तुला किल्ली द्यायची का?"

"द्यायची."

"मग तुला नाही कळायचं," विनी म्हणाली आणि चहा ओतायला उठली.

मला कळत होतं. आम्हा जुन्यांना सगळ्यांनाच कळत होतं, पण त्यावर कुणी बोलत नसे. विनीला एक मुलगा होता, डेस. १९७४ साली, एकोणीस वर्षांचा असताना, त्याने आमच्याच रस्त्यावरची तीन घरं फोडली. त्यातलं एक माझं. माझ्या नवऱ्याने कबुतरांच्या शर्यतीत जिंकलेला चांदीचा पेला त्याने नेला. पोलिसांना त्याचं नाव कुणी सांगितलं? खुद्द विनीने. एप्रन न सोडता ठाण्यावर गेली आणि सांगून आली. डेस दोन वर्षं आत होता. सुटल्यावर तो परत आलाच नाही. मुलाचं नाव सांगणारी तीच आणि दोरी ठेवणारीही तीच.

मे महिन्यात तिला इस्पितळात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा तिने माझं मनगट धरलं. आमच्याकडे कुणी मेलं की सगळा रस्ता पडदे ओढतो आणि सगळे चॅपलला जातात. मयताच्या घरात मात्र एक माणूस मागे थांबतं, परतणाऱ्यांसाठी हॅम कापतं, चहाचं पाणी ठेवतं, घर राखतं. टॅनर स्ट्रीटवर वीस वर्षं ते काम माझं होतं.

"माझ्या घरी तूच बसशील ना?" तिने विचारलं.

"मीच बसेन. दुसऱ्या कुणाला हॅम पातळ कापता येतं का?"

"आणि नॉर्मा, दोरी काढू नकोस. सगळे परतेपर्यंत तरी. मग ग्लेनिसला काय करायचं ते करू दे."

ग्लेनिस तिची मुलगी. मी म्हटलं, "नाही काढत."

"शब्द दे."

मी शब्द दिला.

शुक्रवार, चौदा मे. दुपारी दोनला शवपेटी निघाली. ग्लेनिस म्हणाली, "मावशी, कडी लावून घे हं." गाडी कोपऱ्यावर वळली, तिच्यामागून काळे कोट चालत गेले आणि रस्ता रिकामा झाला. दोन्हीकडे तीस घरांचे पडदे ओढलेले. आपला रस्ता इतका आंधळा मी कधी पाहिला नव्हता.

मी कडी लावली. साखळी लावली. मागचं दार बघून आले. मग स्वयंपाकघरात हॅम कापायला बसले. पत्रक माझ्या पिशवीत होतं, ते काढून टेबलावर ठेवलं. का ठेवलं देव जाणे. सतरा. त्यातल्या दोन दफनाच्या वेळी. विनीची बातमी गुरुवारच्या वर्तमानपत्रात आली होती. बारा, टॅनर स्ट्रीट, दुपारी दोन. जणू आम्हीच चोरांना पत्ता सांगितला होता.

चार काप झाले आणि पाचवा जाड गेला. मान वळवली की बोळकांडीच्या टोकाला पुढचं दार दिसायचं आणि दारामागे ती दोरी लटकलेली. साखळी-कडीचं काय, त्या एका धक्क्यात तुटतात असं प्रिचर्डच म्हणाला होता. मी स्वतःला म्हटलं, नॉर्मा, शब्द दिलायस. मग म्हटलं, जिला दिला ती पेटीत आहे आणि इथे तू आहेस. सव्वादोनला मी कात्री घेतली, दारापाशी गेले आणि दोरी कापली. खिळ्याला बोटभर तुकडा राहिला. किल्ली मी एप्रनच्या खिशात टाकली. जरा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

अडीचच्या सुमाराला मागच्या गल्लीचं फाटक वाजलं.

वारा असेल म्हणून मी सुरी हातात धरून बसून राहिले. मग अंगणात पावलं ऐकू आली. सावकाश, दबकत नव्हे, पण रेंगाळत. मागच्या दाराची मूठ फिरली. एकदा. पुन्हा एकदा. मग स्वयंपाकघराच्या खिडकीवर बोटाच्या पेराने दोन टकटक. पडद्यापलीकडे सावली उभी होती, पुरुषाची, उंच. मी खुर्चीवरून खाली सरकले आणि टेबलाआड फरशीवर बसले. साठी उलटलेली बाई, गुडघे छातीशी घेऊन. पाचावर धारण बसते म्हणतात ती काय असते ते मला त्या फरशीवर कळलं. हॅमचा वास येत होता.

सावली हलली. पावलं गल्लीतून गेली.

तो पुढे येणार हे मला समजलं. फोन बोळकांडीत, कोट टांगायच्या खुंट्यांखाली, दारापासून तीन पावलांवर. मी शेगडीजवळची निखारे सारायची सळई उचलली आणि भिंतीला पाठ घासत फोनपर्यंत गेले. रिसीव्हर उचलला. नंबर फिरवायला बोट घातलं तोच दारातली टपालाची झडप वर झाली.

आधी उजेडाची चीर आली. मग चार बोटं. मग मनगटापर्यंत हात.

तो हात काही तोडत-फोडत नव्हता. त्याला जागा ठाऊक होती. सरळ वर डावीकडे वळला, खिळ्यापाशी गेला. दोरीचा तुकडा सापडला. बोटांनी तुकडा धरला, खाली चाचपलं, पुन्हा धरला. अंधारात एखादं माणूस भिंतीवरचं बटण शोधतं तसं. माझ्या मनात एकच आलं, याला दोरी ठाऊक आहे, म्हणजे हा आपल्यातलाच कुणीतरी आहे, आणि त्या विचाराने मी जास्तच घाबरले. मी सळई दोन्ही हातांनी उचलली आणि हाणली.

हाड वाजलेलं मी ऐकलं.

हात मागे गेला. जाताजाता मला दिसलं की तर्जनीला पुढचं पेर नव्हतं.

ते पेर चॅपलच्या लोखंडी फाटकात गेलं होतं, आठ वर्षांचा असताना. विनी कामावर होती. मीच त्याला एप्रनमध्ये गुंडाळून इस्पितळात पळत नेलं होतं आणि वाटभर तो मला विचारत होता, "मावशी, ते पुन्हा उगवेल ना गं?"

बाहेर श्वास ऐकू येत होता, दातांवर दात धरलेला. मग झडपेतून आवाज आला.

"नॉर्मा मावशी? तूच बसलीयस ना?"

मी उभी राहिले, सळई हातात.

"मी डेस. बस उशिरा आली गं. चॅपलमध्ये सगळ्यांसमोर आत जायचा धीर झाला नाही. जरा वेळ घरात बसलो असतो. आईने कळवलं होतं, दोरी आहे म्हणून."

किल्ली माझ्या खिशात होती. साखळी काढायची, कडी काढायची, झालं. मी हे अनेक वर्षं मोजत आले आहे: तीन पावलं आणि दोन खटके. पण तेव्हा मला तो पेला आठवला. सतराचा आकडा आठवला. ओळखीचा आवाज आला तरी, असं प्रिचर्ड म्हणाला होता. एकोणीस वर्षांत माणूस काय झालं असेल कुणास ठाऊक, कदाचित ती दोन घरंही यानेच फोडली असतील. आणि त्याहून मोठी भीती अशी की दार उघडलं तर त्याचा तो हात मला बघावा लागेल. मी तोंडावर एप्रन दाबला आणि श्वाससुद्धा घेतला नाही.

"मावशी?"

कोपऱ्यातलं घड्याळ चाललं होतं.

"बरं," तो म्हणाला.

झडप हलक्या हाताने बंद झाली. पावलं रस्त्याने गेली, बसच्या थांब्याच्या दिशेला. मी दार उघडलं नाही. रिसीव्हर अजून वायरला लोंबकळत होता, तो कानाला लावला आणि पोलिसांना बोलावलं. होय, मीच बोलावलं. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

चारला सगळे परतले. पायरीवर पिवळ्या फुलांचा गुच्छ होता, पेट्रोल पंपावर मिळतो तसला, प्लास्टिकात. ग्लेनिसच्या नवऱ्याने उचलला. "नाव नाही यावर," म्हणाला आणि बादलीत ठेवला.

प्रिचर्डने वही काढली. "चेहरा बघितलात?"

"नाही."

"हात कसा होता?"

"पुरुषाचा."

"काही खूण?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ग्लेनिसने माझ्या खांद्याभोवती शाल घातली होती. "नाही," मी म्हटलं.

"या वयात तुम्ही चोर पळवलात, बाई! दोरी कापलीत म्हणून वाचलात." लोकांनी टाळ्या वाजवल्या, मयताच्या घरात. कोणीतरी म्हणालं, नॉर्माच्या तावडीत सापडला तर हॅमसारखे काप करेल. मी हसले. एक जाड काप माझ्या बशीत होता, तो तसाच राहिला.

जूनमध्ये नवं पत्रक आलं. मी बोट ठेवून वाचलं. टॅनर स्ट्रीट, १४ मे, दुपारी, घरफोडीचा एक प्रयत्न, घरातल्या व्यक्तीच्या सावधपणामुळे फसला. मेच्या आकड्यांत तो धरला होता. जुलैत दोन परगावचे भाऊ गाडीसकट पकडले गेले; दफनाच्या वेळच्या चोऱ्या त्यांच्या होत्या. आकडे खाली आले. माझ्या दाराला मात्र मी दुसरी साखळी लावून घेतली होती, आणि दारातून टपाल पडलं की अजूनही मी हात आधी बघते.

डेसचा पत्ता ग्लेनिसकडे नव्हता, निदान ती तसं म्हणायची. विनीला कुठला ठाऊक होता तो तिच्याबरोबर गेला. पुढे साडेआठ वर्षांनी ग्लेनिस, ती तोवर माझ्या शेजारच्या घरात राहायला आली होती, कपडे वाळत घालताना कुंपणावरून म्हणाली, "डेस वारला म्हणे, तिकडे हल शहरात. इस्पितळातून फोन आला होता." चिमटा लावून पुढे म्हणाली, "आईच्या मातीलाही आला नाही मेला."

मी म्हटलं, "आला होता."

मग मी तिला सगळं सांगितलं, पेरासकट. ती ओली चादर हातात घेऊन ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने चादर टोपलीत टाकली, आत गेली आणि कडी लावली. ती कडी मला बाहेर ऐकू आली.

विनिफ्रेड हॅगर्टी ८ मे १९९३ रोजी, शनिवारी सकाळी वारली. तिचा मुलगा डेसमंड हॅगर्टी २० नोव्हेंबर २००१ रोजी, मंगळवारी वारला. तो सेहेचाळीस वर्षांचा होता.