आधी नाव सांगा

पिन पुन्हा बोटात रुतली. नर्सने छातीवर लटकवायचं ते छोटं घड्याळ, बघणाऱ्याला उलटं आणि मान खाली घातली की तिला सुलट... नवा सेल घालताच चालू लागलं होतं, मधे काही घडलंच नव्हतं जणू.

"निघालीस?" पलंगावरून नवऱ्याने विचारलं.

"अहो, दुपारी शेजारच्या काकू येतील."

"येऊ देत. मी कुठे पळून जातोय!"

ती हसली खरी, पण ते वाक्य तिच्याबरोबर इस्पितळापर्यंत आलं. त्याला अर्धांगवायूचा झटका आला, म्हणून तर तिने नर्सची नोकरी मुदतीआधीच सोडली होती. आता माणसं कमी पडतात म्हणून सोडून गेलेल्यांनाच परत बोलावत होते, तीन महिन्यांसाठी. मेट्रनच्या खुर्चीत, सगळे जिला चिमणी म्हणायचे ती बसलेली – हिच्याच हाताखाली शिकलेली, तेव्हा सुई बघून स्वतःच चक्कर येऊन पडणारी!

"ताई, पुढे वर्षभर राहाल? उद्या सांगा."

"घरी विचारते."

मग वॉर्ड. गोळी देण्याआधी पेशंटने स्वतःचं नाव स्वतः सांगायचं, आपण ते त्याच्या तोंडात घालायचं नाही, कारण ग्लानीतला माणूस कुठल्याही नावाला मान डोलावतो. "आधी नाव सांगा", खाटेमागून खाट, जीभ आपोआप वळत होती, पाय दुखत होते, आणि दुपारी हात धुताना एकदम लक्षात आलं – सकाळपासून नवऱ्याची एकदाही आठवण झाली नाही. किती हलकं वाटत होतं! ते हलकं वाटणंच मग दिवसभर खुपत राहिलं.

संध्याकाळी त्याच्या गोळ्या तळहातावर घेऊन ती पलंगाच्या कडेला बसली. घड्याळ काढायचं राहिलंच होतं.

"आधी नाव सांगा."

जीभ चावावी, हसून घालवावं... पण तिचा हात तसाच थांबला, वॉर्डात थांबतो तसा, उत्तराची वाट बघत. त्याने तिच्या छातीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तुझा पेशंट," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

थट्टा होती? कळेना. झटक्यापासून त्याचा अर्धा चेहरा हसतच नसे, आणि ती नेमकी त्याच बाजूला बसली होती. उठून पलीकडे गेलं असतं तर दिसलं असतं. ती उठली नाही. चिमणीला 'हो' म्हणायचं आपण दुपारीच ठरवून टाकलं होतं, हे तिला आत्ता कळलं, आणि गोळ्या अजून तिच्याच मुठीत होत्या.