सहा माणसांची खुर्ची

खरं तर मी हे सांगायला नको. अध्यक्षांच्या हातोडीने फक्त ठोका द्यायचा, तोंड उघडायचं नाही, अशी रीत आहे. पण आज राहवत नाही, म्हणून बोलतेय.

मी बर्चच्या लाकडाची. आधी मी कॅनडातल्या एका फिनिश सभागृहातल्या नाचाच्या जमिनीची फळी होते. दर शनिवारी माझ्यावर लाकूडतोडे आणि घरकाम करणाऱ्या मुली नाचायच्या. पुढे त्यांची नातवंडं इंग्रजी बोलू लागली, नाच थांबले, सभागृह पाडलं. टौनो नावाच्या म्हाताऱ्या सुताराने फळीचा एक तुकडा उचलला, त्याची हातोडी केली आणि मला फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीला पाठवलं. जगभर पांगलेल्या फिन लोकांचे प्रतिनिधी इथे काही वर्षांनी एकदा, जूनमध्ये जमतात.

आजवर मी तीन अध्यक्ष पाहिले. पहिले मला इतक्या जोरात आपटायचे की पाण्याचे पेले हलायचे. दुसरे माझ्या दांड्याने पाठ खाजवायचे. आताच्या मार्युक्काबाई शांत आहेत, पण चष्मा कायम कपाळावर.

या लोकांची एक सवय माझ्या अंगवळणी पडलेली नाही. अध्यक्ष विचारतात, "असंच ठरवायचं का?" कुणी काही बोललं नाही की ठरलं, आणि मी पडते. ही माणसं तर मुळातच कमी बोलणारी! किती जण राजी होते आणि किती नुसतेच गप्प, हे मला कधीच कळलं नाही. ते आत कुठेतरी सलत राहतं.

आजचा ठराव असा, की ज्या मंडळात दहापेक्षा कमी माणसं, त्याला इथे खुर्ची नाही. अर्जेंटिनाहून आलेल्या एल्वीबाईंच्या मंडळात सहाच माणसं आहेत. त्यांनी भाषण हाताने लिहून आणलंय.

पण सकाळीच घोळ झाला. ओळख करून देताना त्या म्हणाल्या, "मी उडत्या जहाजाने आले." हा विमानासाठी त्यांच्या आजोबांचा शब्द. इथे तो आता कुणी वापरत नाही. सगळे हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. तेव्हापासून त्यांचा कागद घडीतच आहे.

कॉफीच्या सुट्टीत स्वीडनचे केइयो माझ्या टेबलाला टेकून म्हणाले, "एल्वीबाई, सहाच माणसं? आमच्या वाफेच्या सौनाबाहेर याहून मोठी रांग असते!"

"आमचे सहाच्या सहा बैठकीला येतात. तुमचे दोन हजार ना? किती येतात?"

"कॉफी असेल तर बारा."

"आणि नसेल तर?"

"मी आणि बायको. तीही भांडायला."

दोघं हसले. "मग हेच आत बोला की," केइयो म्हणाले.

"नको रे बाबा. माझं फिनिश म्हाताऱ्यांचं. परत हसतील."

केइयो कपात बघत राहिले. सकाळी सगळ्यात मोठ्याने तेच हसले होते.

मग ठराव आला. "कुणाला बोलायचंय?" मार्युक्काबाईंनी विचारलं. कुणीच बोललं नाही. एल्वीबाई कागदाची घडी उघडत होत्या, परत घालत होत्या. मला दिसत होतं, कपाळावर चष्मा ठेवलेल्या मार्युक्काबाईंना नाही.

"मग असंच ठरवायचं का?"

मी वर गेले. थांबा, असं ओरडावंसं वाटलं. पण हातोडीला खाली येणं तेवढं येतं.

"नाही!" एल्वीबाई उभ्या राहिल्या. बोलायचं तर आधी नावाची पाटी वर करायची, हेही त्या विसरल्या. "मी गप्प होते, पण राजी नव्हते. तुम्ही हसलात म्हणून गप्प होते. आमचे विल्यो चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत. दर रविवारी विचारतात, 'तिकडे आपली खुर्ची आहे ना?' त्यांना घरी जाऊन काय सांगू?"

या वेळी कुणी हसलं नाही. मार्युक्काबाईंनी मला न वाजवता खाली ठेवलं. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"मतदान," त्या म्हणाल्या. "ठरावाला विरोध कुणाचा?"

पहिला हात केइयोंचा. मग एकेक हात वर होऊ लागला. आता मार्युक्काबाई मोजतायत, त्यांचे ओठ हलतायत. मला जागच्या जागी चैन नाही. तुमच्याकडेही सभा होत असतील. ठोका देण्याआधी, गप्प बसलेल्यांच्या हातांकडे एकदा नीट बघा, एवढंच मागणं.

"हातोडी कुठे गेली?" मार्युक्काबाई टेबल चाचपतायत. सापडले मी त्यांना. वर जातेय. इथून सगळे हात दिसतात. आज पहिल्यांदाच मला खाली यायची घाई झालीय, कारण विरोधातले हात जास्त— ठक्!