सोड्याच्या बाटलीला फ्लू

शिलाई कारखान्याच्या हॉलमध्ये चाळीस मशीनं गप्प होती आणि चाळीस माणसं एका नळीसाठी रांगेत उभी होती. नळी काचेची, वीतभर लांब. टेबलावर पाण्याचे दोन जग, मागे पांढऱ्या सुटातला श्वासगुरू. सूट असा शुभ्र, की माशीसुद्धा पाय पुसून बसली असती.

"फुंका. पोटातून फुंका."

इस्त्रीवाल्याने नळी तोंडात धरून पहिल्या जगमधून भरलेल्या पेल्यात फुंकलं. नितळ पाणी बघता बघता दुधाळ झालं. रांगेतून "अगं बाई" असा सुस्कारा गेला.

"हा तुमचा फ्लू," गुरू म्हणाला, जणू विहिरीत पडलेली घागर त्यानेच गळ टाकून वर काढली होती. मग इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर हात ठेवून तो सहा वेळा भुंग्यासारखा गुणगुणला, दुसऱ्या जगमधलं पाणी नव्या पेल्यात ओतलं आणि तीच नळी पुन्हा त्याच्या तोंडात दिली. फुंकलं. पाणी नितळच राहिलं.

"गेला," गुरू म्हणाला.

मॅनेजरने लगेच 'शुद्ध' असा शिक्का मारलेलं कार्ड इस्त्रीवाल्याच्या खिशाला लावलं. कार्ड असलेल्याला रजा नाही, ही त्या विद्येत मॅनेजरने घातलेली स्वतःची भर.

पांढऱ्या शर्टांचा माल शनिवारी जायचा होता आणि फ्लूची साथ नेमकी त्याच आठवड्यात हॉलमध्ये शिरली होती. डॉक्टरांनी साधं सांगितलं होतं: ताप असेल त्याला घरी पाठवा, खिडक्या उघडा, नळाला साबण ठेवा. मॅनेजरला हे फार अवघड वाटलं. धूळ येऊन शर्ट मळतात म्हणून खिडक्यांच्या फटी त्याने चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. शर्टाला जपायचं; शिवणारी काय, खोकत खोकतसुद्धा शिवतात.

शर्टांना काजं पाडणारी बाई, सगळ्यांची काजमावशी, पहिल्या दिवशी "तोंड आलंय" म्हणून रांगेतून सटकली. तिचं चित्त घरी होतं. सासरे महिनाभर न्यूमोनियाशी झुंजून परवाच भिंत धरून दारापर्यंत चालले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता घरात साधी सर्दीही आणू नका. यांची छाती दुसऱ्यांदा सोसणार नाही." आणि इथे हातभर अंतरावर कॉलरवाली बसलेली, तोंड तव्यासारखं तापलेलं, खोकत होती ती थेट काजांच्या ढिगावर.

"अगं, घरी जा."

"कशी जाऊ, मावशी? मी शुद्ध आहे." तिने कार्ड दाखवलं.

"ताप किती?"

"एकशे दोन. पण तो शुद्ध आहे म्हणतात साहेब."

चार दिवसांत चौदा मशीनं रिकामी झाली. दुसऱ्या एखाद्याने तोंड लपवलं असतं. श्वासगुरू पुन्हा आला. "श्रद्धा पातळ पडली," तो म्हणाला आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये सोडा प्यायला बसला. पेले धुवायला काजमावशीला पिटाळलं.

टेबलावर दोन्ही जग सकाळपासून उघडे होते. दुसऱ्यातलं पाणी पाण्यासारखं. पहिल्यावर मात्र पातळ, पांढरी साय धरली होती. मावशीने बोट लावलं. साय कुडकुडीत मोडली.

तिचे वडील रंगारी. लहानपणी अंगणात चुन्याचं पिंप असायचं. खाली चुना बसायचा, वर नितळ निवळी राहायची आणि सकाळी तिच्यावर हीच साय धरायची. पिंपाला फ्लू झाल्याचं घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं.

रांग लागली. मॅनेजर शिक्का घेऊन शेजारी उभा. गुरूने उरलेल्या सोड्याची बाटली टेबलावर ठेवून नळी पुढे केली.

"आधी तुम्ही," काजमावशी म्हणाली.

"अवश्य." त्याचा हात दुसऱ्या जगकडे गेला.

"तो नको. हा, आमच्या वाटणीचा."

"गुरूची परीक्षा घेता, बाई?"

"आमची घेतलीत की."

"फुंका ना," मागून इस्त्रीवाला खोकत म्हणाला, "तुम्ही तर सूटसुद्धा शुद्ध घातलाय."

"आज माझं श्वासाचं मौन आहे," गुरू म्हणाला. हे सांगायला त्याने श्वास सोडलाच होता, पण असो.

मावशीने गुरूची सोड्याची बाटली उचलली आणि पहिल्या जगमधून भरलेल्या पेल्यात धार सोडली. पाणी ताकासारखं पांढरं झालं.

"साहेब, बाटलीला फ्लू झालाय. गुणगुणून कामावर बसवता, की घरी पाठवता?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हॉलच हसला. मावशी हसली नाही.

"ही चुन्याची निवळी. तान्ह्या पोराने फुंकली तरी पांढरी होईल. आपण जो कर्बवायू श्वासातून बाहेर टाकतो, तोच सोड्याच्या बुडबुड्यात असतो, तो चुन्याला भेटला की असं होतं. दुसऱ्या जगमध्ये नळाचं पाणी आहे. त्यात बैलाने फुंकलं तरी ते नितळच राहील. रोग पेल्यात कधी नव्हताच. तो नळीवर होता. एकोणचाळीस तोंडांतून फिरली ती. मध्ये कितीदा धुतली?"

इस्त्रीवाल्याने खिशाचं कार्ड काढून गुरूपुढे ठेवलं, मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. गुरू दोन्ही जग उचलून निघाला; घाईत पहिला हिंदकळला आणि शुभ्र सुटावर सांडला. सुकल्यावर डाग दिसलाच नसेल. अशा माणसांचे डाग त्यांच्याच रंगाचे असतात.

मावशीने नखाने खिडकीची चिकटपट्टी सोलायला घेतली.

"धूळ बसेल शर्टांवर," मॅनेजर पुटपुटला.

"शर्ट झटकता येतो, साहेब. माझ्या सासऱ्यांची फुप्फुसं झटकता येत नाहीत."

कॉलरवाली त्या दिवशी घरी गेली, तिच्यामागे तापाची आणखी पाच माणसं. माल आठवडाभर उशिरा गेला आणि जगात कुणीही उघड्या अंगाने फिरलं नाही. मावशी मात्र घरी दाराजवळ वेगळी पथारी टाकून, तोंडाला रुमाल बांधून चार दिवस निजली. सासऱ्यांना खोकला आला नाही.

यात चमत्कार शोधू नका. ताप असेल तर घरी राहा, दुसऱ्याला राहू द्या, हात धुवा, खिडकी उघडा. आणि कुणी तुमच्या श्वासात रोग दाखवू लागला, तर त्याला आधी त्याच पेल्यात फुंकायला सांगा.