मग्ग्यावरचं नाव

सोनेरी... म्हणजे लग्नपत्रिकेवर असतो ना तसा सोनेरी, जरा कलता केला की चमक या काठावरून त्या काठावर पळत जाते, आणि त्या सोनेरीत ‘राखी’ – ‘खी’ची वेलांटी तर अशी ऐटीत मागे वळलेली की राखीला आपल्या नावात एवढा तोरा आहे हे आजवर माहीतच नव्हतं – आणि हे सगळं, ती ऐट, तो तोरा, ती लग्नपत्रिका, एका लालभडक प्लास्टिकच्या मग्ग्यावर.

तिनं तो उन्हात धरला. उलटा केला, सुलटा केला. डोळे मिटून उघडले. मग्गाच होता.

बाबा म्हणतात, आंघोळीचा मग्गा आहे. तिचा भाऊ पीयूष म्हणतो, “हो, आंघोळीचासुद्धा.” आणि त्या ‘सुद्धा’वर असा थांबतो की राखीच्या डोळ्यांपुढे आंघोळ सोडून बाकी सगळं येऊन जातं.

खिडकीच्या कठड्यावर चार मग्गे. एकावर स्टिकर, गोल, गुळगुळीत, चॉकलेटच्या डब्यावर असतो तसा. दुसऱ्यावर पांढऱ्या शाईची छपाई – रबराची एक मऊ गादी शाई उचलते आणि मग्ग्याच्या गोल पोटावर अलगद टेकवते, बाबांनी हे सांगताना बाळाची पापी घेतात तसा ओठांचा चंबू केला होता. तिसरा हा सोनेरी, तापवलेल्या ठशानं वर्ख चिकटवलेला. आणि चौथा कोरा. चौथ्यावर काही नाही, कारण चौथी पद्धत निवडली तर नाव मग्ग्यावर लिहायचंच नसतं, ते साच्यात कोरायचं असतं, पोलादात, आणि मग साचा जितके मग्गे ओतेल तितक्यांवर राखी, राखी, राखी... पुसायची सोय नाही. लेझर बाबांनी आधीच बाद केलं होतं, लालवर ते भुरकट उमटतं म्हणून.

“देख बेटा,” बाबा सकाळी शेडकडे जाताना म्हणाले होते, “नाव तुझं, तर डिसिजन पण तुझा. संध्याकाळी नागपूरहून भूपेंद्रकाकांचा फोन येईल, साच्याला शेवटचं पॉलिश करून राहिलेत ते. कोरायचं असेल तर त्याच्या आधी सांगावं लागते. नाही तर छपाई, नाही तर स्टिकर. तू सांगशील ते.”

तू सांगशील ते! या घरात हे वाक्य राखीच्या वाट्याला कधी आलं होतं? आणि आलं तेव्हा मग्ग्यावर बसून आलं.

पण रडायची सोय नव्हती, कारण हे तिनं स्वतः मागून घेतलेलं. भांडून.

कुडवा गावातल्या त्यांच्या घरामागच्या शेडवर पाटी आहे, ‘पीयूष प्लास्टिक’. बादलीवर पीयूष, टोपल्यावर पीयूष, टेम्पोच्या मागच्या फळीवर पीयूष, फुलांच्या नक्षीत. आणि राखी? राखी हजेरीपटातसुद्धा धड नव्हती. सर नाव घ्यायचे आणि ती ‘हजर’ म्हणायची, पण ते घशातून निघून ओठांपर्यंत येईस्तोवर सर पुढच्या नावावर गेलेले असायचे, आणि ती पूर्ण तास वर्गात बसून गैरहजर. असं वर्षानुवर्षं... आणि मग यंदा, दहावीत, दुसरी मुलगी तापानं आडवी झाली म्हणून बाईंनी हिलाच तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, आणि माईकमधून तिचा आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला तेव्हा तिला आधी वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. मग कळलं – अरे, ही तर मी!

तेव्हापासून ती थांबलेली नाही. थांबलेलीच नाही. भाजीवाल्याशी बोलते, बँकेतल्या काउंटरवर बोलते, आणि स्पर्धेचं बक्षीस आणलं त्या रात्री जेवताना तर ताटावरून उठून, डाव्या हातानं पदर नसताना पदर सावरल्यासारखं करून, त्याच बक्षीसपात्र थाटात घरात भाषण केलं – “या घरातली प्रत्येक बादली मुलाचं नाव सांगते, मग मुलीचं नाव कुणी सांगायचं?” मोठी आई, म्हणजे मोठी काकू कुंदाबाई, भात वाढता वाढता थांबली. पीयूष म्हणाला, “बादलीनं.” पण बाबांचे डोळे भरून आले, खरंच भरून आले, घास तसाच हातात, आणि ते म्हणाले, “पुढचा माल राखीच्या नावानं.”

तिनं डबा कल्पिला होता. शाळेचा टिफिन. किंवा पाण्याची बाटली, निळी, झाकणाला दोरी असलेली.

मग कोहमाऱ्याच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला की हायवेवरच्या ढाब्यांना मग्गे पाहिजेत. मजबूत, लाल, दुरून दिसणारे. आणि राखीला कोहमाऱ्याचे ढाबे चांगले माहीत होते. पुढे खाटा, तंदूर, आणि मागे... मागे तो पत्र्याचा दरवाजा, ते नळकोंडाळं, आणि नळाला साखळीनं बांधलेला मग्गा. साखळीनं बांधलेली राखी! रायपूरला जाणारे ट्रकवाले, नागपूरला जाणारे ट्रकवाले...

दिव्याला, म्हणजे तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला, तिनं फोनवर हे सांगितलं तेव्हा दिव्या एवढी हसली की तिच्या आईनं येऊन विचारलं काय झालं.

“अवो, हे तर भारीच! पूर्ण हायवे तुले ओळखंल. रोज सकाळी. उपाशीपोटी.”

“दिव्या, मी गंभीरपणे बोलून राहिले.”

“मी पण. तू कलेक्टर होशील ना, तर बंगल्यावर पयले मग्गा पाहून घेजो बापा.”

म्हणून बेत ठरला होता. स्टिकर. स्टिकर पाण्यात टिकत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण राखीनं मुद्दे तयार केले होते: स्टिकर आधुनिक आहे, स्टिकरवर चौकोनी कोड टाकता येतो, रंग बदलता येतो. कोणी विचारलंच की निघून गेलं तर? तर छपाई. छपाईचंही बाबांनीच सांगितलं होतं, की या प्लास्टिकला शाई सहसा धरत नाही, आधी ज्योतीची झुळूक द्यावी लागते, तरच बसते, आणि झुळूक कमी पडली की गेली. जाऊ दे ना! जेवढी लवकर जाईल तेवढी बरी. मागितलेलं नाव परत करता येत नाही, पण झिजू तर शकतं. हक्कही मिळाला आणि अब्रूही राहिली. आपल्या हुशारीचं तिला इतकं कौतुक वाटलं की तिनं आरशात स्वतःला मान डोलावून दाद दिली.

फक्त एक करायचं होतं, चाचणी. बाबांची चाचणी म्हणजे चिकटपट्टी लावून खर्रकन ओढायची. पण कुडव्यात चिकटपट्टीनं कोण भांडी घासतं? कुडव्यात भांडी घासतात राईस मिलच्या राखडीनं, धानाचा कोंडा जळून उरलेली ती काळी, किरकिरी राखड, जिनं कढईचं बूडसुद्धा आरशासारखं होतं. आणि घरात ती राखड हाती असलेलं एकच माणूस.

मोठी आई अंगणातल्या नळापाशी बसली होती, भोवती भांड्यांचा ढीग. राखी चारही मग्गे कवेत घेऊन पोचली.

“काऊन वो पोट्टे, एवढे मग्गे घेऊन कोठी निंगालीस? पोट बिघडलं का?”

“मोठी आई, हे घास.”

“नवे आहेत ना. कायले घासू?”

“घास ना. नेहमी घासतेस तसंच.”

मोठ्या आईनं नारळाची शेंडी राखडीत बुडवली आणि स्टिकर पहिल्याच हाताला सुटून तिच्या मनगटावर चिकटला. राखीच्या मनात टाळ्या. मग पांढरी छपाई – ती जरा तगली, मग ‘र’ गेला, मग काना, मग ‘ख’, मग नुसती वेलांटी उरली, कुणाचीच नसलेली, आणि मग तीही गेली. मग सोनेरी. मोठी आई बोलत होती, आज भाजी काय, पीयूषचा शर्ट कुठं उसवला, आणि हात आपला फिरत होता, आणि वर्खाचे सोनेरी कण काळ्या पाण्याबरोबर मोरीच्या भोकाकडे निघाले, ती ऐट, तो तोरा...

“झालं. चकाचक.”

तिन्ही मग्गे लाल आणि मुके. अगदी हवं होतं तसं! बेत फत्ते. आणि राखी तिथंच उकिडवी बसून राहिली.

एवढंच? मोठी आई भाजीचं बोलत होती. निदान नावापाशी येऊन जरा थांबायचं तरी.

“मोठी आई, तू माझं नाव पुसलंस.”

“तूच तं घास म्हणालीस!”

“मी म्हणाले, पण तू...”

मोठ्या आईनं तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि बादली उपडी करून तिच्या बुडाला राखड लावली. ही त्यांची जुनी बादली, संडासातली, दांडी तुटून तार लावलेली. बुडावर साच्यातूनच वर उचलून आलेली अक्षरं, पीयूष. कित्येक वर्षं याच हातानं, याच राखडीनं घासलेली, आणि घासून घासून कडा एवढ्या उजळलेल्या की बाकीची बादली विटली तरी नाव टवटवीत.

संडासातली बादली.

राखीनं पुन्हा वाचलं. पीयूष. म्हणजे हा गेली कित्येक वर्षं... ढाब्यांमागं, धर्मशाळांत, कचारगडच्या जत्रेतल्या आडोशांना, सगळीकडे हा होताच की! आणि कुणी हसलं? दिव्या हसली? तो स्वतः, आंघोळीचा‘सुद्धा’ म्हणून थांबणारा – “पीयूष!” ती ओरडली.

तो दात घासत दारात आला. “काय?”

“तुझं नाव संडासात आहे.”

“मग?” तो फेसातून म्हणाला. “बादली आपलीच आहे ना.” आणि गेला. नुसता गेला! त्याला वाईटही वाटेना, अभिमानही वाटेना, जसं नाव म्हणजे नाकासारखं, असतंच. राखीला त्याला बादली फेकून मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी ते ‘मग?’ त्याच्याकडून मागून घ्यावंसंही वाटलं, एका दिवसापुरतं, मुद्दे न मांडता.

संध्याकाळी ती चौथा, कोरा मग्गा घेऊन न्हाणीतल्या आरशासमोर उभी राहिली. साच्यात नाव उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठं मग्ग्यावर सुलटं येतं. आरशावर तोंडाची वाफ सोडून तिनं त्यावर बोटानं उलटी राखी लिहून पाहिली. वेलांटी भलत्याच बाजूला तोंड करून बसली. ही कोण? पण ओळखीची वाटत होती... ट्रकवाले आठवले. साखळी आठवली. वर्गातला टिंकू आठवला, जो पहिल्याच दिवशी ‘राखी कुठाय?’ विचारणार आणि स्वतःच उत्तर देणार. मग मोरीकडे वाहत गेलेले सोनेरी कण आठवले, आणि तिनं ती उलटी वेलांटी पुन्हा गिरवली.

“राखी!” न्हाणीच्या दारातून बाबांची हाक. “भूपेंद्रकाका हायेत फोनवर. बोल बेटा.”

फोन गरम होता. पलीकडे यंत्राची घरघर. बाबा समोर उभे, भुवया उंचावून, तिच्या तोंडाकडे बघत, जसं तिथून आता काहीही निघालं तरी ते तसंच्या तसं छापून देणार. स्टिकरचे मुद्दे जिभेवर तयार होते, क्रमानं, चौकोनी कोडापासून. दिव्याचं हसू कानात होतं. राखडीचा एक कण अजून नखात होता.

“हां बेटी, जल्दी बोल,” काका ओरडले, “पॉलिशवाला खडा है. कोरायचं का नाही?”

“काका,” ती म्हणाली, आणि आवाज न्हाणीच्या फरशांवर आपटून केवढा तरी मोठा होऊन परत आला, मोठ्या आईनं अंगणातून मान वळवली एवढा, “कोरायचं तर... किती खोल जातं?”

पलीकडून काका काहीतरी सांगू लागले. तिला धड ऐकू येत नव्हतं. तिचा अंगठा चौथ्या, कोऱ्या मग्ग्याच्या पोटावरून फिरत होता, पुन्हा पुन्हा त्याच जागी, जिथं अजून काहीच नव्हतं.