ओढणी पुन्हा टाचा म्हणाला

ईस्टरच्या पहाटे आमच्या फिलिपीन्सच्या किनाऱ्यावर उठलेला येशू आणि त्याची आई भेटतात. मूर्तीच त्या, पण भेट खरी. मातेच्या डोक्यावर काळी ओढणी असते. देवदूत झालेली एखादी लहान मुलगी ती उचलते आणि शोक संपतो. ओढणी टाचायचं काम माझं.

त्या वर्षी साथीमुळे मुलांना घराबाहेर बंदी. बँड नाही, गर्दी नाही. पाद्रीबाबा, मूर्ती वाहणारे चौघे आणि मी. मग देवदूत कोण? नगरसेवक सेवेरिनो! पन्नाशीचा, पोट पुढे. टाळेबंदीत वाटलेल्या तांदळाच्या प्रत्येक पिशवीवर ज्याचा हसरा चेहरा आणि आत किडे, तोच. आम्हाला पलीकडच्या गल्लीत जायची परवानगी नव्हती; याचा फोटोग्राफर जोव्हेन मात्र थेट मनिलाहून आला.

माझा नवरा आदल्या वर्षी याच साथीत गेला. खांदा द्यायलाही कुणाला येऊ दिलं नाही. मी नवस बोलले होते : मातेची ओढणी उतरेल त्या दिवशी माझे काळे कपडे उतरतील. तोवर रोज पहाटे जपमाळ आणि दुपारपर्यंत फक्त पाणी.

सेवेरिनो स्टुलावर चढला, ओढणी उचलली. घंटा वाजली. वर्षभरात पहिल्यांदा मला छाती भरून श्वास घेता आला.

"साहेब, मास्क नाकावरच राहिला," जोव्हेन म्हणाला. "चेहरा आलाच नाही."

"मग परत घेऊ. लोला, ओढणी पुन्हा टाचा बरं."

लोला म्हणजे आजी; त्याच्या तोंडी मी लगेच आजी झाले.

"तिचा मुलगा परत आलाय हो," मी हळूच म्हटलं. "आता तिला पुन्हा रडायला बसवू?"

"दोन मिनिटांचं काम! मूर्तीला काय कळतंय?"

पाद्रीबाबा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. चर्चच्या गळक्या छपराला पत्रे सेवेरिनोच देणार होता.

"मला नाही जमणार," मी म्हटलं आणि टाचण्या मुठीत धरल्या.

"म्हातारीचे नखरे!" त्याने ओढणी तशीच मातेच्या डोक्यावर टाकली, स्टुलावर ताठ उभा राहिला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि तांदळाच्या पिशवीवरचं हसू चेहऱ्यावर आणलं.

समुद्रावरून वारा आला. ओढणी मातेच्या डोक्यावरून उडाली ती थेट त्याच्या तोंडावर. ती सोडवायला तो हात मारत होता, तशी ती अधिकच गुंडाळत होती. जोव्हेन सवयीने खटाखट फोटो काढत होता. मूर्ती वाहणाऱ्यांतला दोमेंग मोबाइल काढून ओरडला, "माता सुटली रे, साहेब विधवा झाले!"

पाद्रीबाबांना खोकला आला. मास्कआड तो फार वेळ चालला.

दुपारपर्यंत दोमेंगचा फोटो घराघरांत पोचला. उघड्या चेहऱ्याची, हसरी माता आणि तिच्यापुढे काळ्या ओढणीतला सेवेरिनो. तोवर मी घरी जाऊन पांढरा झगा घातला होता आणि नवऱ्याच्या तसबिरीसमोर बसून, वर्षभरानंतर, सकाळचा गरम भात खाल्ला होता.